बिघाड नेमका कुठे? स्टेप १ साठीच्या एका न्यूरो-सायकियाट्री उजळणी अभ्यासक्रमाचे परीक्षण

अमेरिकेत वैद्यकीय परवाना मिळवण्यासाठी ज्या परीक्षा द्याव्या लागतात त्यांतली पहिली म्हणजे यूएसएमएलई स्टेप १. तिची तयारी करताना मज्जासंस्था आणि मानसोपचार या दोन विषयांनी माझी सर्वांत जास्त अडवणूक केली. सरावचाचण्यांत हृदय, श्वसनसंस्था, मूत्रपिंड यांचे गुण हळूहळू वर चढत होते, पण न्यूरोचे गुण तिथल्या तिथेच राहिले. म्हणून मी केवळ या दोन विषयांचा एक स्वतंत्र उजळणी अभ्यासक्रम घेतला. सुमारे चाळीस तासांची व्हिडिओ व्याख्याने, दीडशे पानांची छापील टिपणवही आणि आठशेच्या आसपास प्रश्नांची क्यूबँक असे त्याचे स्वरूप होते आणि वर्गणी सहा महिन्यांची होती. अकरा आठवडे मी तो रोज वापरला. पुढे ज्या उणिवा लिहिल्या आहेत त्या अभ्यासक्रम चालवणाऱ्यांना मी लेखी कळवल्या आहेत आणि त्यांतल्या काही त्यांनी दुरुस्तही केल्या आहेत, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. आपल्याकडे एमबीबीएस करून या परीक्षेला बसणाऱ्यांना असा कोणताही अभ्यासक्रम घेण्यापूर्वी काय तपासावे हे कळावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्यांदा हे पाहावे, की शिकवणारा आजाराचे नाव आधी घेतो की बिघाडाची जागा आधी विचारतो. न्यूरोच्या जवळपास प्रत्येक प्रश्नात रुग्णाच्या तक्रारींवरून मज्जासंस्थेतील नेमकी जागा शोधावी लागते आणि तो बिघाड अचानक झाला, दिवसागणिक वाढला की वर्षानुवर्षे सरकत आला, यावरून त्याचे कारण ठरवावे लागते. आपल्या महाविद्यालयांत मेंदूचे आडवे छेद पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्रात येतात आणि पक्षाघाताचा रुग्ण अंतिम वर्षी मेडिसिनच्या वॉर्डात भेटतो. मध्ये इतका काळ जातो, की छेदातल्या रंगीत ठिपक्यांचा आणि समोरच्या खाटेवरच्या माणसाचा काही संबंध आहे हेच विसरायला होते. उजळणीच्या अभ्यासक्रमाने हा तुटलेला धागा जोडून दिला पाहिजे. मज्जारज्जू आणि मस्तिष्कस्तंभ, म्हणजे आपण ज्याला ब्रेनस्टेम म्हणतो, या दोन प्रकरणांत या अभ्यासक्रमाने ते काम इतके चांगले केले आहे, की केवळ त्यांच्यासाठीही मी तो पुन्हा घेईन.

मेड्युला, म्हणजे ब्रेनस्टेमचा सर्वांत खालचा भाग, यावरचे व्याख्यान दीड तासाचे आहे. शिक्षक आधी रुग्ण सांगतात. साठीच्या आसपासच्या एका गृहस्थांना सकाळी अचानक चक्कर आली, उलट्या झाल्या, घास गिळता येईना आणि आवाज घोगरा झाला. तपासल्यावर उजव्या चेहऱ्यावर टाचणीची टोच कळत नाही, धडावर आणि हातापायांवर मात्र ती डाव्या बाजूला कळत नाही. उजवी पापणी किंचित उतरली आहे, त्या डोळ्याची बाहुली बारीक आहे, उजवा हात नेमक्या जागी पोहोचत नाही, पण दोन्ही हातापायांची ताकद शाबूत आहे. एवढे सांगून ते व्हिडिओ थांबवायला लावतात आणि कोरा छेद स्वतः काढायला सांगतात. मग एकेक लक्षण घेऊन त्या छेदावर खूण करायची. चेहऱ्याची वेदना वाहणारा मार्ग खाली उतरताना आपल्याच बाजूला राहतो, म्हणून चेहरा उजवा. धडाची वेदना वाहणारा मार्ग मज्जारज्जूतच बाजू बदलून वर आलेला असतो, म्हणून अंग डावे. हे दोन्ही मार्ग मेड्युलाच्या बाहेरच्या कडेला शेजारी शेजारी आहेत. तिथेच गिळण्याचे आणि स्वरयंत्राचे केंद्र आहे, तिथूनच डोळ्याकडे जाणारे सिंपथेटिक तंतू उतरतात, आणि लघुमेंदूकडे जाणारा खालचा दांडाही तिथेच आहे. ताकदीचा पिरॅमिडल मार्ग मध्यरेषेजवळ असल्यामुळे वाचतो. चार-पाच खुणा झाल्या, की कागदावर एक लहानसा पाचरीसारखा भाग भरून आलेला दिसतो, आणि व्हर्टिब्रल धमनी किंवा तिची लघुमेंदूकडे जाणारी मागची-खालची शाखा, म्हणजे पायका, याच भागाला रक्त पुरवते हे शिक्षक तेव्हा सांगतात. वॉलेनबर्ग हे नाव सर्वांत शेवटी येते. आडोल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये असाच रुग्ण तपासून बिघाडाची जागा आधी वर्तवली होती आणि काही वर्षांनी शवविच्छेदनात ती खरी ठरली, हेही शिक्षक आवर्जून सांगतात. तोवर मी हा सिंड्रोम तीन वेळा पाठ करून तीन वेळा विसरले होते. त्या दिवसानंतर तो पाठ करण्याची गरज उरली नाही.

याच भागात त्यांनी चारचा नियम वापरला आहे. मध्यरेषेजवळच्या चार रचना, कडेच्या चार रचना, मेड्युलातून निघणारे नववे ते बारावे चेतातंतू (मेंदूतून थेट निघणाऱ्या क्रेनियल नर्व्ह), त्यावरच्या पॉन्स या भागातले पाचवे ते आठवे आणि त्याहून वरचे तिसरे-चौथे एवढे लक्षात ठेवले, की बहुतेक प्रश्नांत बिघाड कोणत्या मजल्यावर आहे आणि मध्ये आहे की कडेला, हे अर्ध्या मिनिटात ठरते. जीभ एका बाजूला वळते आणि विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे आहेत, तर मेड्युलाचा मध्यभाग. चेहऱ्याचा अर्धा भाग पूर्ण पडला, त्याच कानाने ऐकू येईनासे झाले आणि तोल जातो, तर पॉन्सची खालची कड. हा नियम अनेक ठिकाणी वाचायला मिळतो, पण नुसता नियम देणे वेगळे आणि वीस रुग्णांवर तो चालवून दाखवणे वेगळे. येथे तो चालवून दाखवला आहे.

मज्जारज्जूचे प्रकरणही तेवढेच जमले आहे. अर्धा मज्जारज्जू कापला गेला तर ताकद आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव त्याच बाजूची जाते, वेदना आणि तापमान मात्र विरुद्ध बाजूचे, तेही एक-दोन पातळ्या खालपासून जाते. ब्राउन-सेकार सिंड्रोमची ही जुनी ओळ आपण सर्वांनी घोकली आहे. येथे कोणता मार्ग कुठे बाजू बदलतो एवढ्या एकाच प्रश्नावरून ती उभी केली आहे. बी-१२ च्या अभावाने होणाऱ्या मज्जारज्जूच्या ऱ्हासावर वीस मिनिटे दिली आहेत, आणि ती मला फार मोलाची वाटली. वर्षानुवर्षे शुद्ध शाकाहारी, दूधही जेमतेम घेणारी माणसे आपल्या ओपीडीत रोज येतात. पायाला मुंग्या येतात, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, असे सांगतात आणि बरेचदा मधुमेहाची तपासणी करून परत जातात. नुसते फॉलिक ॲसिड दिले तर रक्तक्षय सुधारतो पण मज्जारज्जूची हानी चालूच राहते, बी-१२ ची पातळी काठावर असेल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी असल्यास हे वाढते) पाहावे, आणि भूल देताना वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूमुळे हा अभाव एकाएकी उघडा पडतो, हे तिन्ही मुद्दे एकाच रुग्णाच्या कथेत गुंफले आहेत.

डोळ्यांच्या हालचाली, दृष्टिमार्ग आणि बेसल गँग्लिया ही प्रकरणे चांगली आहेत, त्यांवर वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. मेंदूतील गाठींचे प्रकरण म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांची नुसती जंत्री आहे आणि ते टिपणवहीतून वाचले तरी भागते. जंतुसंसर्गाच्या प्रकरणात एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. न्यूरोसिस्टिसर्कोसिस शिकवताना शिक्षकांनी स्पष्ट सांगितले आहे, की कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात टेपवर्म होतो, पण मेंदूतल्या गाठी होतात त्या त्याची अंडी दूषित अन्नपाण्यातून पोटात गेल्याने. म्हणूनच जन्मभर मांसाला न शिवलेल्या माणसालाही त्यामुळे आकडी येऊ शकते. अमेरिकी प्रश्नांत हा रुग्ण बहुधा दुसऱ्या देशातून आलेला असतो. आपल्यासाठी तो शेजारच्या खाटेवरचा असतो, आणि त्याचे आईवडील ‘आमच्या घरात तर अंडेसुद्धा येत नाही हो, डॉक्टर’ असे अजिजीने सांगतात तेव्हा त्यांना काय उत्तर द्यायचे, हे मला या व्याख्यानानंतर नीट कळले.

आता उणिवा. स्ट्रोकच्या उपचाराचे व्याख्यान जुने आहे. रक्ताची गुठळी विरघळवण्याची साडेचार तासांची मर्यादा त्यात बरोबर सांगितली आहे, पण मोठ्या धमनीतील गुठळी कॅथेटरने काढण्यासाठी सहा तासांची मर्यादा सांगून विषय संपवला आहे. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आल्यापासून, मेंदूचा वाचवण्याजोगा भाग प्रतिमाचित्रणात दिसत असलेल्या निवडक रुग्णांत ही मर्यादा चोवीस तासांपर्यंत गेली आहे. स्टेप १ पुरते यामुळे फारसे बिघडणार नाही. पण तीच टिपणे घेऊन विद्यार्थी पुढे स्टेप २ सीकेला बसतो, आणि २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चा निकाल केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागत असल्यामुळे गुणांचे सगळे वजन आता त्या दुसऱ्या परीक्षेवर आहे. तेव्हा पहिल्या परीक्षेसाठी शिकलेले दुसरीत चुकीचे ठरणे ही लहान बाब नाही. व्याख्यानांवर ध्वनिमुद्रणाची तारीख कुठेच दिलेली नाही, याचे मला अधिक वाईट वाटले.

क्यूबँकचा दर्जा वरखाली होतो. प्रश्नांचे मजकूर चांगले लांब, परीक्षेच्या धाटणीचे आहेत आणि चुकीचा प्रत्येक पर्याय का चुकीचा आहे हे दिले आहे. न्यूरोसाठी ते स्पष्टीकरण वाचण्यातच खरा अभ्यास होतो, कारण चार चुकीचे पर्याय म्हणजे शेजारच्या चार जागा असतात. पण काही उत्तरे चुकली आहेत. एका प्रश्नात बाराव्या चेतातंतूला इजा झालेल्या रुग्णाची जीभ इजेच्या विरुद्ध बाजूला वळते असे उत्तर दिले होते. बाहेर काढलेली जीभ दुबळ्या, म्हणजे इजेच्याच बाजूला वळते, आणि इजेपासून दूर सरकते ती दहाव्या चेतातंतूच्या इजेतली पडजीभ. लिहिणाऱ्याने या दोन गोष्टींची अदलाबदल केली होती. मी कळवल्यानंतर तीन आठवड्यांनी ते उत्तर बदलले गेले. त्या तीन आठवड्यांत तो प्रश्न सोडवून चुकीचे मनात ठसवून घेतलेल्यांना दुरुस्तीची सूचना गेली नाही, आणि अशी सूचना पाठवण्याची सोयच त्यांच्याकडे नाही.

मानसोपचाराच्या भागाने मात्र माझी निराशा केली. चाळीसपैकी जेमतेम नऊ तास त्याला दिले आहेत आणि त्यातले निम्मे कालावधी पाठ करून घेण्यात जातात. नैराश्यासाठी दोन आठवडे आणि नऊपैकी पाच लक्षणे, मॅनियासाठी एक आठवडा, हायपोमॅनियासाठी चार दिवस, स्किझोफ्रेनियासाठी सहा महिने, आघातोत्तर तणावासाठी एका महिन्याहून अधिक, हे आकडे हवेतच, त्यांच्याविना प्रश्न सुटत नाहीत. पण समोरची व्यक्ती आवाज ऐकू येतात म्हणते तेव्हा पहिला विचार कालावधीचा करायचा नसतो. तिला ताप आहे का, ती शुद्धीवर आहे का, ती कोणते औषध किंवा नशा घेत आहे, तिची थायरॉइड ग्रंथी ठीक आहे का, हे आधी पाहावे लागते. न्यूरोत ‘कुठे’ हा प्रश्न ज्या निष्ठेने विचारला आहे, तितक्याच निष्ठेने येथे ‘शरीरात काही बिघडले आहे का’ हा प्रश्न विचारायला हवा होता.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे एनएमडीए रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह. विशीतली मुलगी काही दिवसांत संशयी होते, असंबद्ध बोलू लागते, घरचे तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात. मग आकड्या सुरू होतात, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात, नाडी आणि रक्तदाब बेभरवशाचे होतात, आणि शेवटी बीजकोषात टेराटोमा नावाची गाठ सापडते. २००७ मध्ये या आजाराची प्रतिपिंडांसह ओळख पटली. तोवर अशा किती मुली निव्वळ मनोरुग्ण ठरल्या असतील, हा विचार मनातून जात नाही. न्यूरो आणि सायकियाट्री एकत्र शिकवण्याचे ज्याचे ब्रीद, त्या अभ्यासक्रमात या आजारावर स्वतंत्र व्याख्यान असायला हवे होते. टिपणवहीत तो गाठींच्या प्रकरणात एका ओळीत आहे आणि मानसोपचाराच्या भागात त्याचा उल्लेखही नाही. डेलिरियम (अचानक येणारा संभ्रम) आणि डिमेन्शिया (हळूहळू वाढणारा स्मृतिभ्रंश) यांचीही अशीच वाटणी झाली आहे. एक सायकियाट्रीत, दुसरा न्यूरोत, आणि दोघांना शेजारी ठेवून फरक दाखवणारे पान कुठेच नाही. परीक्षेत मात्र हे दोन्ही एकाच प्रश्नाच्या पर्यायांत असतात.

औषधांची तीन व्याख्याने या भागाची लाज राखतात. ती वेगळ्या शिक्षकांनी घेतली आहेत आणि त्यांची पद्धत न्यूरोच्या शिक्षकांसारखीच, रुग्णापासून सुरू होणारी आहे. सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांमुळे होणारा सेरोटोनिन सिंड्रोम आणि अँटिसायकोटिक औषधांमुळे होणारा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम यांची तुलना त्यांनी फार नेमकी केली आहे. ताप, घाम, बदललेली शुद्ध आणि अस्थिर रक्तदाब दोन्हींत असतात. पण पहिल्यात औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर बहुधा चोवीस तासांच्या आत घोटा झटकन वर दाबताच पाऊल थडथडत राहते, रिफ्लेक्स वाढतात आणि जुलाब होतात. दुसऱ्यात काही दिवसांच्या अवधीने शरीर शिशाच्या नळीसारखे ताठ होते, रिफ्लेक्स मंदावतात आणि रक्तातील सीके, म्हणजे स्नायूंच्या हानीत वाढणारे एन्झाइम, खूप वर जाते. हे सांगताना पाऊल कसे धरायचे हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले आहे. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमवरही त्यांनी नुसते दुष्परिणाम मोजलेले नाहीत. बरी चाललेली बाई गुडघेदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन आणून घेते आणि चार दिवसांनी हात थरथरत, झोकांड्या खात दवाखान्यात येते, अशी कथा सांगून मूत्रपिंडात काय घडले ते उलगडले आहे. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचा मजकूर मात्र बदलायला हवा. श्वेतपेशींची तपासणी आजही आवश्यकच आहे, परंतु अमेरिकेतील ज्या सक्तीच्या नोंदणी कार्यक्रमाचे वर्णन येथे केले आहे तो २०२५ मध्ये रद्द झाला.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. नीट पीजी आणि स्टेप १ यांची तयारी एकत्र करणारे बरेच जण आहेत. स्किझोफ्रेनियाच्या निदानासाठी अमेरिकी मानसोपचार संघटनेचे डीएसएम हे निदानपुस्तक सहा महिने मागते, तर जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी हे रोगवर्गीकरण एक महिना. मार्च २०२२ मध्ये डीएसएमच्या सुधारित आवृत्तीत आलेल्या दीर्घकालीन शोकविकारासाठी प्रौढांत बारा महिन्यांची अट आहे, तर आयसीडी-११ मध्ये सहा महिन्यांची. अभ्यासक्रमाने डीएसएम वापरले आहे, ते परीक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. पण आपण कोणते मोजमाप वापरत आहोत हे पहिल्याच पानावर ठळकपणे लिहायला हवे होते. मी स्वतः टिपणवहीच्या समासात प्रत्येक कालावधीपुढे दोन्ही आकडे दोन रंगांत लिहून घेतले.

रुग्णाशी बोलणे आणि कायदा या विषयावर केवळ पंचवीस मिनिटे आहेत. भारतीय पदवीधराला तिथेच सर्वांत अधिक मदत हवी असते. वडिलांचे निदान वडिलांना सांगू नका, मला सांगा, असे मुलाने म्हणणे आणि डॉक्टरांनी ते मानणे हे आपल्याकडे इतके सर्रास घडते, की त्यात काही वावगे आहे असे वाटतच नाही. अमेरिकी परीक्षेत मात्र रुग्णाला एकट्याला भेटून त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे त्यालाच विचारणे अपेक्षित असते. रुग्णाने एखाद्या ठरावीक व्यक्तीला इजा करण्याची धमकी दिली तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी पावले उचलण्याचे कर्तव्य कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये टॅरासॉफ खटल्यात घालून दिले. त्याचा उल्लेख आहे, पण गोपनीयतेची मर्यादा नेमकी कुठे संपते हे समजावून सांगणारा एकही रुग्ण त्यासोबत नाही. आपण वॉर्डात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या चौकटीत काम करून आलेले असतो, तेव्हा या दोन चौकटींतला फरक सांगणारे एखादे व्याख्यान त्यांनी जोडावे, अशी सूचना मी केली आहे.

ज्यांचे न्यूरो कच्चे आहे त्यांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा, पण तो व्हिडिओ दुप्पट वेगाने लावून नुसता पाहत बसण्यासाठी नाही. मी रोज एक व्याख्यान, त्यानंतर कोऱ्या कागदावर स्मरणाने छेद आणि लगेच त्याच विषयाचे वीस प्रश्न असा क्रम ठेवला, आणि पाचव्या आठवड्यापासून सर्व विषय मिसळून चाळीस प्रश्नांचे ब्लॉक तासाच्या वेळेत सोडवले. वेगवेगळ्या प्रकरणांत सुटणारे प्रश्न मिसळल्यावर चुकू लागले, आणि कुठे काय कच्चे आहे ते तेव्हाच कळले. ज्यांना केवळ सायकियाट्रीसाठी काही हवे आहे त्यांनी यावर पैसे घालू नयेत. औषधांची तीन व्याख्याने सुटी विकत मिळत नाहीत, आणि उरलेला भाग कोणत्याही बऱ्या पाठ्यपुस्तकात याहून चांगला सापडेल.

माझ्या परीक्षेच्या दिवशी केंद्रावर लिहून पुसता येईल असा फलक आणि पेन मिळाले होते. प्रत्येक ब्लॉक सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात मी त्यावर मेड्युला, पॉन्स आणि मध्यमेंदू यांचे तीन छेद काढून ठेवत असे. छापील टिपणवही मागवण्यापूर्वी ती कोणत्या वर्षाची आवृत्ती आहे हे विचारून घ्यावे. मला आली ती जुनी होती, आणि दुरुस्त्यांची चार पाने वेगळी मागितल्यावरच मिळाली.